मस्जिद-ए-नबवीत पहिल्यांदा जाताय? आधी जुनी मशीद शोधा

आमच्या रायगडात कुणी उमऱ्याला (मक्केच्या छोट्या यात्रेला) निघालं की भेटायला येणारे दोनच गोष्टी सांगतात. "काब्यावर पहिली नजर पडली की आमच्यासाठी दुआ मागा," आणि "मदिनेत आमचा सलाम सांगा." मक्केत काय करायचं हे टूरवाले आणि शिबिरातले मौलाना इतकं घोटून घेतात की माणूस झोपेतही तवाफचे, म्हणजे काब्याभोवतीचे, सात फेरे मोजेल. मदिनेचं मात्र "तिथं काय, आराम आहे, नमाज पढायच्या" एवढ्यावर भागवतात. आणि म्हणूनच तिथं गेल्यावर माणूस हरवतो.

मी हरवलो होतो. पहिल्या खेपेला आमचं हॉटेल मस्जिद-ए-नबवीच्या, म्हणजे मदिनेतल्या प्रेषितांच्या मशिदीच्या, उत्तरेला होतं. सामान टाकलं, वजू केला (नमाजआधी हात-पाय-तोंड धुतलं) आणि धावतच किंग फहद दरवाजासमोर आलो. दहा मिनार दिसले, छत्र्यांचं रान दिसलं, पायाखाली आरशासारखा संगमरवर. लहानपणापासून घराघरांतल्या कॅलेंडरवर बघितलेला, प्रेषितांच्या कबरेवरचा हिरवा घुमट काही दिसेना. शेवटी झाडू मारणाऱ्या एका बांगलादेशी माणसाला विचारलं. त्यानं झाडूचा दांडा लांब करून दाखवला, "उधर भाई, एकदम आगे, किबले की तरफ." किब्ला म्हणजे नमाजला तोंड करायची दिशा. अंगणाच्या कडेकडेनं चालत गेलो. चांगली दहा-बारा मिनिटं लागली.

तेव्हा कळलं ते असं. आज दिसणारी अवाढव्य इमारत हे वरचं कवच आहे. तिच्या दक्षिणेच्या टोकाला एक छोटी, जुनी मशीद आहे, आणि आपण जिच्यासाठी आलो ती हीच. ती कुठं सुरू होते, कुठं संपते हे डोक्यात पक्कं असलं तर आठ दिवस सुखाचे जातात. नसलं तर दरवाजांचे नंबर पाठ करण्यातच निम्मे संपतात.

निघण्याआधी

पहिली गोष्ट म्हणजे मदिनेची हाजिरी हा हजचा किंवा उमऱ्याचा भाग नाही. ती राहिली म्हणून हज अपुरा राहत नाही. पण प्रेषित मुहंमद (स., म्हणजे त्यांच्यावर सलाम असो) यांनी सांगितलंय की खास सफर करून जावं अशा मशिदी तीनच: मक्केची मस्जिद-ए-हराम, माझी ही मशीद आणि जेरुसलेमची मस्जिद-ए-अक्सा. आणि या मशिदीतली एक नमाज, मस्जिद-ए-हराम सोडली तर, इतर ठिकाणच्या हजार नमाजांहून बेहतर. त्यामुळं एवढ्या लांब जाऊन मदिना टाळणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही.

दुसरी गोष्ट एहरामची, म्हणजे हज-उमऱ्याच्या खास पोशाखाची. तुमचं विमान मुंबईहून थेट मदिनेला जाणार असेल तर घरून एहराम बांधून निघू नका. साध्या कपड्यांत जा. मदिनेचा मुक्काम आटोपून मक्केला निघताना जुल-हुलैफा इथं एहराम बांधायचा. मशिदीपासून हे ठिकाण दहाएक किलोमीटरवर आहे. मुंबई विमानतळावर एहरामच्या दोन पांढऱ्या चादरींत थंडीनं कुडकुडत मदिनेच्या विमानाची वाट बघणारे चाचा मी बघितलेत. त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं.

तिसरी गोष्ट नुसुक, हे सौदी सरकारचं ॲप. रियाजुल जन्नतमध्ये, म्हणजे जुन्या मशिदीतल्या नमाजच्या खास जागेत, जायला या ॲपवर वेळ घ्यावी लागते. पुरुषांच्या आणि बायकांच्या वेळा वेगळ्या, आणि एकदा जाऊन आलात की पुढची परवानगी ३६५ दिवसांनी. नियम बदलत राहतात, म्हणून निघायच्या आठवड्यात ॲप उघडून बघा. एक घोटाळा हमखास होतो. आपल्याकडं 'रौजा' म्हणजे प्रेषितांची (स.) कबर. अरबांचा 'रौदा' म्हणजे रियाजुल जन्नत, ती नमाजची जागा. ॲपवर जे लिहिलेलं असतं ते हे दुसरं. नुसता सलाम सांगायला जायचं असेल तर ही परवानगी लागत नाही. त्याची वाट वेगळी आहे, पुढं सांगतो.

सामानात चपला ठेवायला खांद्यावर अडकवायची कापडी पिशवी घ्या आणि व्हॅसलीनची डबी घ्या. आपण कोकणातली माणसं दमट हवेला सरावलेली. मदिनेची हवा इतकी कोरडी की दुसऱ्याच दिवशी ओठ फुटतात, कुणाकुणाच्या नाकातून रक्त येतं. घाबरायचं कारण नाही, पाणी पीत राहा.

थोडा इतिहास, पण नकाशा म्हणून

हा भाग वगळू नका. आत शिरल्यावर पावलोपावली कामाला येतो.

इ.स. ६२२ मध्ये प्रेषित (स.) मक्का सोडून यसरिबला, म्हणजे आजच्या मदिनेला, आले. आधी गावाबाहेर कुबा इथं थांबले, तिथं मशीद बांधली. मग गावात आले तेव्हा जो तो म्हणे, आमच्याकडं उतरा. प्रेषितांनी (स.) कस्वा या आपल्या सांडणीचा लगाम मोकळा सोडला; ती बसेल तिथं मुक्काम. ती बसली सहल आणि सुहैल या दोन पोरक्या भावांच्या जमिनीवर. खजूर वाळत घालायचं खळंच होतं ते. मुलं म्हणाली, फुकट घ्या. प्रेषितांनी (स.) तसं घेतलं नाही, किंमत दिली. मशीद उभी राहीपर्यंत मुक्काम अबू अय्यूब अन्सारी (रजि., म्हणजे अल्लाह त्यांच्यावर राजी असो) यांच्या घरी होता.

बांधकाम काय होतं? खाली दगडाचा पाया, वर कच्च्या विटांच्या भिंती, खांब म्हणून खजुराची खोडं, छपराला झावळ्या आणि माती. प्रेषित (स.) स्वतः विटा वाहत होते. साधारण ३० बाय ३५ मीटरची जागा, आपल्याकडच्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेच्या पटांगणाएवढी. पाऊस आला की छप्पर गळायचं. एका रमजानात एकविसाव्या रात्री पाऊस पडला आणि फजरच्या (पहाटेच्या) नमाजनंतर प्रेषितांच्या (स.) कपाळावर चिखल लागलेला लोकांनी बघितला, असं बुखारीच्या हदीसमध्ये (प्रेषितांच्या उक्ती-कृतींच्या नोंदीत) आहे. जूनमध्ये कौलं चाळायची राहून गेलेल्या घरात वाढलेल्या माणसाला ही हदीस वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

आता दिशा बघा. सुरुवातीला सोळा-सतरा महिने नमाज जेरुसलेमकडं तोंड करून, म्हणजे उत्तरेला होत होती. मग काब्याकडं वळायचा हुकूम आला. मक्का मदिनेच्या दक्षिणेला, म्हणून अख्खी मशीद उलटी फिरली. पुढची बाजू मागची झाली. उत्तरेकडच्या भिंतीजवळचं सावलीचं छप्पर रिकामं राहिलं, त्याखाली घरदार नसलेले सोबती राहू लागले. तेच सुफ्फा. सर्वांत जास्त हदीस सांगणारे अबू हुरैरा (रजि.) त्यांच्यातलेच, कित्येकदा उपाशी, पण चोवीस तास प्रेषितांजवळ (स.).

पूर्वेच्या भिंतीला लागून प्रेषितांच्या (स.) बीबींच्या खोल्या होत्या. अरबीत हुजरा म्हणजे खोली, अनेकवचन हुजुरात. कुरआनातल्या ४९व्या सूरेचं नाव हेच आहे, आणि तिच्यातलं "आपला आवाज नबीच्या आवाजापेक्षा चढवू नका" हे वाक्य याच खोल्यांच्या शेजारचं. या खोल्यांपैकी हजरत आयशा (रजि.) यांच्या खोलीत ६३२ मध्ये प्रेषितांचं (स.) निधन झालं आणि तिथंच दफन. पुढं ६३४ मध्ये अबू बक्र (रजि.) आणि ६४४ मध्ये उमर (रजि.) यांनाही तिथंच जागा मिळाली.

म्हणजे कबर मशिदीत नव्हती, मशिदीशेजारच्या घरात होती. मशीद वाढत गेली तसं घर तिच्या पोटात आलं. खैबरच्या लढाईनंतर प्रेषितांनी (स.) स्वतः ती वाढवली. उमर (रजि.) यांनी ६३८ मध्ये आणि उस्मान (रजि.) यांनी ६४९ च्या सुमारास वाढवली ती दक्षिणेकडं आणि पश्चिमेकडं, घराला हात लावला नाही. उमय्या खलिफा वलीदच्या काळात, ७०७ ते ७१० या वर्षांत, मदिनेचे सुभेदार उमर बिन अब्दुल अजीज यांनी काम करवून घेतलं तेव्हा खोल्या आत आल्या. पहिले मिनार आणि भिंतीतला कमानीचा मिहराबही (इमामाची उभं राहायची जागा) त्याच वेळचा.

पुढचं झरझर सांगतो. १२५६ मध्ये आग लागली, मशीद जळाली. १२७९ मध्ये इजिप्तच्या मामलुक सुलतान कलावूननं कबरेवर पहिला घुमट चढवला, लाकडाचा. १४८१ मध्ये वीज पडून पुन्हा आग. सुलतान कायतबायनं सगळं नव्यानं बांधलं. आजचा घुमट उस्मानी (तुर्की) सुलतान दुसरा महमूद याच्या काळातला, आणि त्याला हिरवा रंग लागला तो १८३७ मध्ये. कॅलेंडरवरचं हे चित्र चौदाशे वर्षांचं असेल असं मला वाटायचं; रंग जेमतेम दोनशे वर्षांचाही नाही. १८४९ नंतर सुलतान अब्दुल मजीदनं बांधलेला भाग आजही दक्षिणेला उभा आहे. छोटे छोटे घुमट, लालसर दगडी खांब, अब्दुल्ला जुहदी यांची सुलेखनं. सौदी राजवटीतली पहिली मोठी वाढ १९५१ ते १९५५ मधली, दुसरी राजा फहद यांच्या काळातली, १९९४ मध्ये पुरी झालेली. सरकणारे २७ घुमट आणि दहा मिनारांचा हिशेब या दुसऱ्या वाढीनंतरचा, आणि अंगणातल्या २५० छत्र्या त्याही नंतर आल्या.

हे सगळं एका वाक्यात मांडलं तर तुमचा नकाशा तयार होतो: उत्तरेकडून शिरलात तर आधी फहदचा भाग, मग १९५५ चा भाग आणि उघडं अंगण, मग उस्मानी घुमट, आणि त्यांच्या पोटात प्रेषितांची (स.) मशीद.

पहिल्यांदा आत शिरताना

शक्य असेल तर अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून, अत्तर लावून जा. उजवा पाय आधी, दुरूद (प्रेषितांसाठीची प्रार्थना) आणि मशिदीत शिरायची दुआ. आत गेल्या गेल्या सलामाला धावू नका. आधी दोन रकात (नमाजची आवर्तनं) तहिय्यतुल मस्जिद, म्हणजे मशिदीत शिरतानाची नमाज, पढा, जागा मिळेल तिथं. सलाम त्यानंतर.

शिरलात त्या दरवाजाचा नंबर आणि नाव मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. "मोठ्या खांबाजवळच्या दारातून आलो" या वर्णनात सगळेच दरवाजे बसतात. आणि घरच्यांना भेटायची जागा आतली ठरवू नका, बाहेरची ठरवा. बायकांचे दरवाजे आणि नमाजचे भाग वेगळे असतात, त्यामुळं नवरा-बायकोची चुकामूक पहिल्याच दिवशी होते. आम्ही विजेच्या खांबाखालचं एक ठरावीक पाण्याचं कूलर धरलं होतं. आईला नंबर वाचता येत नव्हते, पण ते कूलर तिनं एकदाही चुकवलं नाही.

किब्ल्याचं एक सांगतो, हसू नका. आपण जन्मभर पश्चिमेला तोंड करून नमाज पढलेली माणसं. अंगात ती दिशा इतकी मुरलेली असते की हॉटेलच्या खोलीत, संध्याकाळी सूर्य बघून, मी बेधडक पश्चिमेला मुसल्ला अंथरला. मदिनेत किब्ला दक्षिणेला. खोलीच्या छतावर किंवा कपाटात बाणाची खूण असते, ती बघा.

रियाजुल जन्नत

"माझं घर आणि माझा मिंबर यांच्यामधली जागा जन्नतच्या बागांपैकी एक बाग आहे," ही हदीस. घर म्हणजे ती हजरत आयशांची (रजि.) खोली, आता जाळीआड. मिंबर, म्हणजे प्रवचनाचं व्यासपीठ, पश्चिमेला. दोहोंमधलं अंतर बावीसेक मीटर. एवढ्याशा पट्ट्यासाठी जगभरातली माणसं येतात, म्हणून तुम्हाला दहा-पंधरा मिनिटं मिळतील असं धरून चाला. वर्षानुवर्षं तिची खूण म्हणजे हिरवा गालिचा. बाकी मशिदीत लाल असायचा.

वेळ घेताना एक विचार करा, जो ॲप करत नाही. फजरनंतर सूर्य उगवेपर्यंत आणि असरनंतर (दुपारनंतरच्या नमाजनंतर) मगरिबपर्यंत (सूर्यास्तापर्यंत) नफिल, म्हणजे ऐच्छिक, नमाज पढू नये, हे आपल्याला ठाऊक आहे. हनफी पंथाच्या माणसानं असरनंतरची वेळ घेतली तर आत जाऊन नुसती दुआ मागून यावं लागतं. शाफई पंथाच्यांना मशिदीत शिरतानाच्या दोन रकातींची मुभा आहे, म्हणून कोकणातल्या आपल्या लोकांची अडचण तेवढी होत नाही. तरी मिळत असेल तर इशानंतरची (रात्रीच्या नमाजनंतरची) किंवा सकाळी उन्हं वर आल्यावरची वेळ बघा.

रांगेत ताटकळत ठेवतात, मग एकदम सोडतात. सोडलं की पळू नका. म्हाताऱ्यांना धक्के बसतात, आणि ही ती मशीद आहे जिथं मोठ्यानं बोलणाऱ्या ताइफच्या दोघांना उमर (रजि.) यांनी खडसावलं होतं. आत आल्यावर दोन रकात पढा, सजदा लांब करा. पाहिजे ते मागा, मराठीत मागितलं तरी पोचतं. रडू आलं नाही म्हणून कावरेबावरे होऊ नका. मला पहिल्यांदा फक्त गुडघा दुखत असल्याचं आठवतं.

नमाज झाल्यावर मिनिटभर उरलं तर मान वर करून खांब बघा. वर गोल चौकटीत नावं लिहिलेली आहेत. एका खांबावर अबू लुबाबा (रजि.) यांचं नाव. हातून चूक झाली म्हणून त्यांनी स्वतःला तिथल्या खोडाला बांधून घेतलं होतं, आणि तौबा (पश्चात्ताप) कबूल झाल्यावर प्रेषितांनी (स.) स्वतः सोडलं. दुसरा खांब हन्नानाचा. प्रेषित (स.) आधी खजुराच्या एका खोडाला टेकून खुत्बा (प्रवचन) देत. मग झाऊच्या लाकडाचा तीन पायऱ्यांचा मिंबर आला, आणि ते खोड गाभण सांडणीसारखं हंबरून रडलं. प्रेषित (स.) खाली उतरले, त्याला कवेत घेतलं, तेव्हा ते शांत झालं. आजचा संगमरवरी मिंबर सुलतान तिसरा मुराद यानं १५९० मध्ये पाठवलेला. इमामसाहेब मात्र आता प्रेषितांच्या (स.) मिहराबमध्ये उभे राहत नाहीत, ते पुढं दक्षिणेच्या भिंतीतल्या, खलिफा उस्मान (रजि.) यांच्या नावाच्या मिहराबमध्ये असतात.

सलाम

पुरुषांची वाट अशी: पश्चिमेच्या बाबुस्सलाममधून आत, सरळ पूर्वेकडं, आणि बाबुल बकीमधून बाहेर. चालताना किब्ल्याची भिंत उजवीकडं, रियाजुल जन्नत आणि मग सोनेरी जाळ्या डावीकडं. पहिली जाळी आली की लोक गलबलून तिथंच हात बांधून उभे राहतात. ती जागा नव्हे. मधल्या जाळीत गोल झरोके आहेत. पहिला मोठा, तो प्रेषितांच्या (स.) चेहऱ्यासमोर. उजवीकडं सरकलं की अबू बक्र (रजि.) यांचा, त्याच्या पुढं उमर (रजि.) यांचा. तिघांना क्रमानं सलाम.

शब्द पाठ नसले तरी चालेल. "अस्सलामु अलैक या रसूलल्लाह" एवढं येतंच. मग ज्यांनी ज्यांनी सांगितलं त्यांची नावं घ्या. थांबायला मिळतं जेमतेम एखादं मिनिट, पहारेकरी "यल्ला हाज्जी, यल्ला" करत हात हलवत असतो, आणि त्या मिनिटात नावं आठवत नाहीत. म्हणून यादी लिहून नेलेली बरी. माझ्या यादीत चौऱ्याहत्तर नावं होती. निम्मी रांगेतच घेऊन टाकली.

जाळीला हात लावू नका, चुंबू नका, तिच्याकडं तोंड करून सजदा तर मुळीच नको. दुआ अल्लाहकडं मागायची. फोन खिशात असू द्या. जाळीकडं पाठ करून सेल्फी काढणाऱ्यांचं मला कोडंच आहे.

बायकांना सहसा या वाटेनं नेत नाहीत. त्यांना रियाजुल जन्नतची वेळ मिळते, तिथूनच सलाम. वेळ नाहीच मिळाली तर दक्षिणेच्या अंगणात हिरव्या घुमटासमोर उभं राहून सलाम करावा. दुरूद कुठूनही पोचतं असं हदीसच सांगते, म्हणून तिथं "आमचं अर्धंच झालं" असं मनाला लावून घेऊ नका. आमच्या शेजारच्या खाला तीन दिवस त्याच दुःखात होत्या.

रोजचा दिवस

पहाटे एक बांग होते आणि माणूस धडपडत उठतो. ती तहज्जुदची, म्हणजे रात्रीच्या ऐच्छिक नमाजची. फजरची बांग त्यानंतर तासाभरानं. पहिलीवर निघालात तर आत चांगली जागा मिळते. दुसरीवर निघालात तर अंगणात.

विदर्भ-मराठवाड्याकडचे आपले बहुतेक लोक हनफी. त्यांना असर फार लवकर झाल्यासारखी वाटेल. जमातीबरोबर, म्हणजे सगळ्यांसोबत, पढून घ्या, आलिम लोक तेच सांगतात. कोकणी शाफईंना असर ओळखीची, पण फजरला इमाम कुनूत ही दुआ पढत नाही तेव्हा चुकल्यासारखं होतं. चुकलेलं काही नसतं.

जवळजवळ प्रत्येक फर्ज (सक्तीच्या) नमाजनंतर घोषणा होते, "अस्सलातु अलल अम्वात..." म्हणजे जनाजा (मयताची नमाज) आहे, सुन्नतला (पुढच्या जादा नमाजला) घाई करू नका. उभे राहा, चार तकबिरी. इमाम सलाम एकाच बाजूला, उजवीकडं फिरवतो. आपण दुसऱ्याची वाट बघत बसतो आणि जनाजा निघूनही जातो.

पाण्याच्या पिंपांवर थंड आणि साधं असं अरबीत लिहिलेलं असतं. मक्केहून टँकरनं आणलेलं जमजम आहे ते. ज्यांच्यासमोर माणसं गर्दी करतात ती थंड. खोकला असेल तर कमी गर्दीची निवडा.

सोमवारी-गुरुवारी किंवा रमजानात गेलात तर मगरिबच्या आधी एखादा दहा-बारा वर्षांचा मुलगा तुमचा हात धरून ओढेल. घाबरू नका. त्याच्या घरच्यांनी इफ्तारचा दस्तरखान मांडलेला असतो आणि पाहुणे आणायचं काम त्याचं असतं. रोजा नसला तरी बसवतात. खजूर, रोटी, दह्याची वाटी, आणि दह्यात टाकायला दुक्का नावाचा भाजक्या मसाल्याचा चुरा. आपल्या मेतकुटाचा लांबचा भाऊ म्हणा. गहवा (अरबी कॉफी) कडू लागतो, नाक मुरडू नका.

आता चाळीस नमाजांचं. आठ दिवसांत सलग चाळीस नमाज इथं पढल्या तर मोठं पुण्य, अशी हदीस सांगितली जाते, आणि आपल्याकडच्या टूरचे आठ दिवस त्याच हिशेबानं आखलेले असतात. बऱ्याच मुहद्दिसांनी (हदीसच्या अभ्यासकांनी) या हदीसची सनद (सांगणाऱ्यांची साखळी) कमजोर ठरवलेली आहे. जमेल तेवढ्या जमातीनं पढा, हजार पटीचा वायदा प्रत्येक नमाजला आहेच. पण ताप आलेल्या आईला "एकोणचाळीसवर अडकलं" म्हणून चाकाच्या खुर्चीत कोंबून पळवणारा मुलगा बघितला, तेव्हा त्याला थांबवून काहीतरी बोलावं असं वाटलं. बोललो नाही, आजही टोचतं.

मशिदीबाहेर

जन्नतुल बकी हे कबरस्तान मशिदीच्या पूर्वेलाच आहे. फजर आणि असरनंतर पुरुषांना आत सोडतात, बायकांना नाही. तिसरे खलिफा उस्मान (रजि.), प्रेषितांचे (स.) लहानगे पुत्र इब्राहीम, कितीतरी सोबती तिथं आहेत. नावाची पाटी एकाही कबरेवर नाही, घुमट १९२०च्या दशकात पाडले गेले. नुसते मातीचे उंचवटे आणि दगड. पैसे घेऊन "ही अमक्याची" असं दाखवणारा भेटला तर सलाम करून पुढं जा.

कुबाला शनिवारी जा. प्रेषित (स.) दर शनिवारी जात, कधी पायी, कधी स्वारीवर. मुक्कामावरून वजू करून जायचं आणि तिथं दोन रकात पढायच्या. त्याला उमऱ्याइतकं पुण्य सांगितलंय. मस्जिद-ए-नबवीपासून तिथवर पायी जायची खास वाट बांधलेली आहे, तासाभराचं चालणं. गुडघे साथ देत नसतील त्यांच्यासाठी छोट्या गाड्या असतात.

उहुद उत्तरेला, टॅक्सीनं थोडक्यात होतं. ६२५ मधल्या लढाईत शहीद झालेले हजरत हमजा (रजि.) आणि सत्तरेक सोबत्यांचं ते ठिकाण. तिरंदाजांच्या टेकडीवर चढायची सगळ्यांना हौस, उतरताना घसरतात. किब्लतैन मशीद वाटेत दाखवतात, दिशा बदलली ती गोष्ट आता तुम्हाला ठाऊकच आहे.

अजवा खजूर शेवटच्या दिवसासाठी ठेवू नका. दोन-तीन दुकानं फिरून, एकेक दाणा खाऊन बघा. खरी अजवा काळसर, मऊ, फार गोड नाही.

निघताना

मुंबई-जिद्दा जहाजं १९९५ पर्यंत चालू होती. त्याआधीच्या पिढ्या मुंबईच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात दिवस काढून, बोटीनं जिद्दा गाठून, मग उंटाच्या काफिल्यानं मदिनेला पोचत. आपण पाचेक तासांच्या विमानानं जातो आणि सीट नीट नव्हती म्हणून तक्रार करतो. असो.

मदिनेत मक्केतल्या तवाफ-ए-विदासारखा (निघतानाच्या तवाफसारखा) निरोपाचा कुठला विधी नाही. जमलं तर दोन रकात पढा, सलाम सांगा, निघा. पुढं मक्केला जायचं असेल तर अंघोळ आणि एहरामची तयारी हॉटेलवरच करा. बस जुल-हुलैफाला थांबते. तिथं मोठी मशीद आहे, दोन रकात पढून उमऱ्याची नीयत (संकल्प) करून "लब्बैक" हा यात्रेचा घोष सुरू करता येतो. हरमैन ट्रेननं जाणार असाल तर गाडी तिथं थांबत नाही. म्हणून एहराम अंगावर असतानाच स्टेशन गाठा, डब्यात बसल्यावर गाडी हलताच नीयत करून टाका. आणि त्याआधी अत्तराची बाटली, सुगंधी साबण आणि पुरुषांचे शिवलेले कपडे बॅगेत खाली गेलेत ना, ते एकदा तपासा. लब्बैक म्हटल्यावर त्यांना हात लावता येत नाही.